प्लग काढला की गाडी बोलते!

मंडळी, खरं सांगा. तुमच्या गाडीचं बॉनेट तुम्ही शेवटचं कधी उघडलं होतं? वायपरचं पाणी भरायला उघडलं असेल तर ते मोजायचं नाही!

माझीही तीच गत होती. बॉनेटच्या आत जे काही आहे ती सर्व्हिसिंगवाल्यांची इस्टेट, आपलं काम फक्त ईएमआय भरायचं, हा माझा साधा फंडा. पण मागच्या महिन्यात आमची पेट्रोल एसयूव्ही सिग्नलवर थरथरायला लागली. पिकअप घेताना आचके आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा. मागच्या सीटवर आई. म्हणाली, "गाडीला थंडीताप आला का गं?"

आम्ही राहतो धंतोलीत. इथे दर दहा पावलांवर एक हॉस्पिटल. आमच्या गल्लीत गाडी बंद पडली तर मागे नुसते हॉर्न वाजत नाहीत, मागे अँब्युलन्सही असू शकते. त्यामुळे टेन्शन खरं होतं.

गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला. "मॅडम, चारही कॉइल गेल्या." एस्टिमेट पाच आकडी! बाबांनी हळूच विचारलं, "प्लग काढून पाहिला का?" तो माझ्याकडेच बघत म्हणाला, "अंकल, आता पहिल्यासारख्या गाड्या नाही राहिल्या."

बाबा रात्री जेवताना काही बोलले नाहीत.

आता थोडं बाबांविषयी. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि मग अख्ख्या महाराष्ट्राने ती तिरकी करून सुरू केली. आमच्या घरी ती वीस वर्षं होती. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल, त्यामुळे प्लगवर काजळी ठरलेली. डिकीत एक पाना, एक पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जास्तीचा प्लग कायम. ऑफिसला निघता निघता शर्टाच्या बाह्या वर, प्लग बाहेर, दोन मिनिटं घासाघास, की स्कूटर चालू! मग घराघरांत सुमो, स्कॉर्पिओ आल्या. त्यातल्या बहुतेक डिझेलवाल्या, आणि डिझेल इंजिनात ठिणगीचं कामच नाही. दाबानेच हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. तिथून बाबांची विद्या रिटायर झाली. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हातही थरथरतो. ड्रायव्हिंग बंद.

पण गंमत बघा. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले, मारुतीने तर डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेट्रोल एसयूव्ही दिसायला लागल्या. म्हणजे प्लग परत आला! फक्त त्याला ओळखणारे कमी झाले.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "हात तुझे, डोकं माझं. रविवारी बसू."

आधी निदान. फोनला जोडता येतो तो छोटा स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावला. कोड आला पी०३०३. म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल धड पेटत नाही. बाबांना इंग्रजी कोडमध्ये रस नव्हता. ते म्हणाले, "तीनची कॉइल दोनवर लाव, दोनची तीनवर." लावली, कोड पुसला, गाडी चालू केली. कॉइल खराब असती तर दुखणं तिच्यासोबत दोन नंबरवर गेलं असतं. ते तीनवरच राहिलं. म्हणजे कॉइल बिचारी निर्दोष! पाच आकडी बिलाची हवा तिथेच गेली.

रविवारी सकाळी साडेसहा. उशीर केला तर आमच्या गेटसमोर पेशंटच्या नातेवाइकांच्या गाड्या लागतात. शिवाय इंजिन पूर्ण थंड हवं. (नागपुरात उन्हाळ्यात 'थंड' म्हणजे किती, हा वेगळा विषय!) इंजिनचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा असतो. गरम असताना प्लग फिरवला तर आटे जातात आणि मग खरंच गॅरेज गाठावं लागतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. वरचं प्लास्टिकचं झाकण उचललं. आत एका ओळीत चार कॉइल. "एका वेळी एकच. चारही उघडून बसशील तर गोंधळ करशील," बाबांची पहिली ऑर्डर. कनेक्टरचं लॉक दाबून काढलं, एक बोल्ट सोडवला, कॉइल वर ओढली. खाली खोल विहीर. मी पाना घालणार तेवढ्यात बाबा ओरडले, "थांब! आधी धूळ!" सायकलच्या पंपाने हवा मारली. प्लग निघाल्यावर ती सगळी धूळ थेट सिलिंडरमध्ये गेली असती.

लांब एक्स्टेन्शन, तोंडाशी चुंबक असलेला प्लग सॉकेट. थोडा जोर, एक 'कट्ट', आणि प्लग हातात!

बाबांनी चारही प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि पत्रिका वाचावी तसे वाचायला लागले. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन सुखात. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलं, तेलकट म्हणजे आत ऑइल शिरतंय. पांढरंफटक, फोड आलेलं असेल तर इंजिन जास्त तापतंय. आमच्या चारही प्लगचा रंग छान होता, पण टोकं झिजून गोल झालेली. आणि तीन नंबरच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी बारीक चीर! वीज तिथूनच पळून जात होती.

रनिंग ५२ हजार किलोमीटर. साधे निकेल प्लग साधारण ४० हजारांपर्यंत चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. हिशेब करून बघा. ताशी ४० च्या वेगाने ४० हजार किलोमीटर म्हणजे एक हजार तास. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला हजार वेळा ठिणगी टाकतो. एकूण सहा कोटी ठिणग्या! टोक झिजलं की फट वाढते, फट वाढली की कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे प्लगचा आळस केला तर एक दिवस कॉइल खरंच जाते.

नवे प्लग बसवताना पाना नाही, फक्त बोटं. सरळ फिरला तर फिरू द्यायचा, अडला तर उलटा काढून पुन्हा. शेवटी टॉर्क रेंच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

चावी फिरवली... आणि गाडी आधीपेक्षा जास्त थरथरली! माझा चेहरा पडला. बाबांनी डोळे मिटून दहा सेकंद आवाज ऐकला. "चौथ्याचं कनेक्टर बघ." गाडी बंद करून बघितलं तर खरंच, लॉक बसलंच नव्हतं. 'टिक' झालं आणि पुढच्या स्टार्टला इंजिन असं गुळगुळीत, की चालू आहे का ते मीटरवर बघावं लागलं.

टेस्ट राइड वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावरून एअरपोर्टपर्यंत. एकही आचका नाही. येताना तर्री पोहे. बाबा म्हणाले, "पहिल्यासारख्या गाड्या नाहीत म्हणे. ठिणगी तर तीच आहे ना बाप्पा!"

चेतक २०२० मध्ये इलेक्ट्रिक होऊन परत आली आहे. तिच्यात प्लगच नाही. आपली पुढची गाडीही कदाचित तशीच असेल. म्हणून म्हणते, घरात असे एखादे बाबा, काका, आजोबा असतील तर या रविवारी त्यांना खाली पार्किंगमध्ये न्या. चीर गेलेला तो प्लग बाबांनी फेकला नाही. तो आता टीव्हीजवळ, माझ्या कॉलेजच्या ट्रॉफीशेजारी उभा आहे!

जाता जाता
- दिवा नुसता पेटला तर लवकर दाखवा. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं.
- गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, सर्व्हिस सेंटर गाठा.
- प्लगचा नंबर मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. बदलायचे तर चारही एकदम.
- इरिडियमचं टोक नाजूक असतं. घासू नका, वाकवू नका. पॉलिश पेपर चेतकसाठी होता!