साठवणीची नव्हे, आजची काकडी

रशियात जुलै महिना आला की परसातील वेलींवर काकड्यांचा सुकाळ होतो. सुझ्दल या प्राचीन नगरात तर त्या महिन्यात काकडीचा उत्सवच भरतो. तेथील घरोघरी या दिवसांत ‘मालासोल्निये अगुर्त्सी’, म्हणजे अल्प मिठाच्या काकड्या, केल्या जातात. गंमत अशी की काकडीचे मूळ आपल्याच हिमालयाच्या पायथ्याशी आहे. तेथून निघालेले हे फळ जगभर रुजले आणि प्रत्येक देशाने त्याला आपापला संस्कार दिला.

हा पदार्थ लोणचे नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. एका लिटर पाण्यात ४० ते ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात काकड्या दिवस-दोन दिवस बाहेर ठेवल्या की सूक्ष्म जीवांच्या क्रियेने आंबण्याची प्रक्रिया सुरू होते. पाणी गढूळ होते, काकडी आंबूस लागते. तीच काही आठवडे मुरली की पूर्ण खारवलेली काकडी तयार होते. तथापि आंबवलेले व रात्र ओलांडलेले ओले पदार्थ ज्या घरी वर्ज्य असतात, तेथे हे दोन्ही प्रकार चालणार नाहीत. त्या घरांसाठी रशियातीलच तिसरी, झटपट रीत सोयीची आहे. तीत पाणी नाही, आंबवणे नाही. मिठाने काकडीतील रस ओढला जातो व मीठ आत शिरते, एवढेच.

अर्धा किलो कोवळ्या, बारीक काकड्या घ्याव्यात. तासभर थंड पाण्यात ठेवून पुसून कोरड्या कराव्यात. दोन्ही टोके कापावीत; फुलाकडील टोकात काकडीला मऊ पाडणारे द्रव्य असते, तर कडवटपणा बहुधा देठाकडे साठतो. प्रत्येक काकडीचा तुकडा चाखून पाहावा आणि फार कडू निघाल्यास ती टाकून द्यावी. मग उभे चार भाग करून झाकणाच्या डब्यात घालावेत. त्यावर १० ग्रॅम मीठ (दोन सपाट लहान चमच्यांहून किंचित कमी), अर्धा लहान चमचा साखर, मूठभर चिरलेला शेपू व पाच-सहा ठेचलेले मिरीदाणे घालून डबा चांगला हलवावा. दोन तास थंड जागी ठेवावा, मधून एकदा पुन्हा हलवावा. वाढताना सुटलेले पाणी निथळून टाकावे.

मूळ रीतीत लसूण अनिवार्य मानतात. तो वगळल्यास ठेचलेल्या धण्यांनी स्वाद भरून निघतो. चातुर्मासात पालेभाजीचा त्याग असल्यास शेपूच्या जागी बडीशेप घ्यावी. ज्या तिथीस हिरवी भाजी वर्ज्य, त्या दिवशी अर्थातच हा बेत नको. दुपारी तीनला काकडी मिठात घातली, तर सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात गरम खिचडीसोबत ती कुरकुरीत मिळते.

आपल्या व्यापारी वाचकांना ठाऊक असेल की घेर्किन ही लहान काकडी भारतातून मोठ्या प्रमाणावर परदेशी जाते. १९९० च्या दशकात कर्नाटकात अल्पशा प्रमाणावर सुरू झालेली ही लागवड पुढे तामिळनाडू, आंध्र प्रदेश व तेलंगणातही पसरली, आणि रशियाही तिच्या ग्राहकांत आहे. तो माल खाऱ्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये टिकवला जातो, म्हणूनच सागर ओलांडू शकतो. अल्प मिठाच्या काकडीला हे भाग्य नाही. तिला थांबवून ठेवता येत नाही. उद्यापर्यंत ती मऊ पडते, चव पालटते.

म्हणून ती मोजकीच करावी. घरात पाच माणसे असतील तर अर्धा किलो पुरे. उरण्याइतकी केली तर तिचा हेतूच हरपतो. ज्यांचा दिवस साठा, भाव आणि मुदत यांच्या हिशेबात जातो, त्यांच्या ताटात साठ्याचा विचारच न करता केलेला एक पदार्थ असावा. शेजारच्या घरी वाटीभर पाठवावी, बाकीची सर्वांनी मिळून त्याच दिवशी संपवावी.