निवृत्तीच्या उंबरठ्यावर नेमबाजी

लातूर-नांदेडकडील मध्यमवर्गीय घराचा हिशेब ठरलेला असतो. आधी मुलांच्या शिकवण्या आणि वसतिगृह, मग लग्नकार्ये. 58व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला स्वतःच्या छंदासाठी चार पैसे मागणेही अपराधासारखे वाटते. त्यातून छंद नेमबाजीचा असेल, तर ‘हे राजेरजवाड्यांचे चोचले’ असा शेरा घरातूनच मिळतो.

तो शेरा अर्धाच खरा आहे. स्पर्धेच्या प्रतीची जर्मन एअर रायफल दीड-दोन लाखांच्या पुढे जाते, हे खरे. .22 रायफलीला परवाना लागतो आणि सरावातील प्रत्येक गोळी पैसा खाते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे याने 2024 साली पॅरिसला कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्याच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचे वृत्त महाराष्ट्राने वाचले. मुलासाठी बापाने कर्ज काढावे, हे आपल्या कुटुंबरीतीला धरूनच आहे. 57व्या वर्षी स्वतःच्या हौसेसाठी भविष्यनिर्वाह निधीला हात लावणे मात्र सर्वथा अनुचित.

परंतु 10 मीटर एअर रायफलीचा मार्ग मोकळा आहे. 2016च्या शस्त्र नियमांनुसार 0.177 इंचापर्यंतच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. छऱ्यांच्या एका डबीत साधारणतः 500 छर्रे असतात. आठवड्यातून दोनदा साठ-साठ झाडले, तरी डबी महिनाभर पुरते. देशी रायफल काही हजारांत येते. जागेसाठी सायंकाळी रिकामे पडणारे शाळेचे सभागृह, छर्रा अडविणारी भक्कम आडभिंत आणि जाणत्याची देखरेख एवढे हवे.

महागडी रायफल घ्यायचीच असेल, तर दहा जणांनी मिळून घ्यावी. दोन लाखांचे प्रत्येकी वीस हजार होतात, म्हणजे एका यात्रेचा खर्च. अशा रायफलीचा दस्ता ज्याच्या-त्याच्या अंगाप्रमाणे पुढेमागे करता येतो, त्यामुळे ती दहा खांद्यांना चालते. (मंगल कार्यालयाला वर्गणी देणाऱ्या गावात एवढे दहा जण मिळू नयेत?)

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये शस्त्रे श्रद्धेने जपली जातात. दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या जलाने त्यांना स्नान घालतात. विजयादशमीला आपल्या घरोघरीही शस्त्रपूजन होते. हळदकुंकू वाहिले की पुढील वर्षापर्यंत कपाट बंद! पूजन टिकले, सराव लोपला. अर्ध्या मिलिमीटरच्या मध्यबिंदूवर श्वास रोखून मन स्थिरावण्याची जी साधना या खेळात आहे, तिला तारुण्याची अट नाही. स्वीडनच्या ऑस्कर स्वानने 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये 72व्या वर्षी रौप्यपदक मिळविले होते.

प्रारंभी खर्च करायचाच, तर तो चष्म्यावर करावा. वाचनाच्या चष्म्यातून नळीच्या टोकावरील माशी अस्पष्ट दिसते. तेवढ्या अंतराचा वेगळा नंबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून काढून घ्यावा, रायफल नंतर.