मोजणीबरोबर कॅमेराही न्या

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, यांस



१९६२ पासून महामंडळाने बुटीबोरीपासून लोटे-परशुरामपर्यंत कितीतरी गावशिवारांचं रूप पालटलं. त्याचा हिशेब कागदावर आहे. भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीत झाड, विहीर, गोठा नोंदला जातो, पण मोबदल्यापुरता. सातबारा कब्जेदार आणि पीक सांगतो. पाणंद कशी वळत होती, गावातून टेकडी कशी दिसायची, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि एकदा सपाटीकरण झालं की नोंदवूही म्हटलं तरी काही उरत नाही. म्हणून मोजणीच्या पथकाबरोबर एक चांगला छायाचित्रकार पाठवा, आणि त्याच जागांवरून दर काही वर्षांनी पुन्हा छायाचित्रं घ्या.

हा उद्योग विकासविरोधकांचा, असं आपल्याकडे कुणी म्हणेल. पण फ्रान्समध्ये १९८४ साली तो हाती घेतला तो सरकारच्याच प्रादेशिक नियोजन संस्थेनं, ‘दातार’नं (नाव ऐकून फसू नये, संस्था अस्सल फ्रेंच). देशाचं बदलतं रूप टिपायला तिनं छायाचित्रकार नेमले. त्यांतल्या रेमों दपार्दोंनी स्वतःच्या घरची शेती टिपली, जिचा काही भाग महामार्गात गेला होता. नियोजनाच्या पैशातून नियोजनाची झळही नोंदली गेली, आणि त्यामुळे संस्थेची कामं काही थांबली नाहीत. उपग्रह आणि ड्रोन असताना माणूस कशाला, हा प्रश्न विकासविरोधाच्या आक्षेपापेक्षा सोपा आहे. वरून क्षेत्रफळ कळतं; कारखान्याची भिंत घराच्या दारातून किती उंच दिसते, हे दारात उभं राहूनच कळतं.

खरा अवघड आक्षेप सौंदर्याचा आहे. कॅनडाच्या एडवर्ड बर्टिन्स्कींनी सडबरीजवळचे निकेल खाणीच्या गाळाचे केशरी ओहोळ इतके देखणे टिपले की बघणारा विषापेक्षा रंगातच अडकतो. एकेकट्या चित्राला हा धोका राहणारच. पण १९९१ पासून फ्रान्समध्येच ठरलेल्या जागांवरून पुन्हापुन्हा छायाचित्रण होऊ लागलं. अशा मालिकेत एखादं चित्र देखणं निघालं तरी बिघडत नाही, कारण शेजारी आधीचं आणि नंतरचं उभं असतं. तारीख आणि जागा मात्र प्रत्येक चित्राखाली हवी, निवड जनसंपर्क विभागाकडे नको, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी. जिथे अधिसूचना निघाली आहे पण जेसीबी पोचलेला नाही, तिथून सुरुवात करता येईल.

कळावे,
एक वाचक