जी. ए. झालेल्या आज्या, बारावीला थांबलेल्या लेकी

सरकारदरबारी किंमत नसलेली पदवी घेण्यासाठी बायका ३५ वर्षं शिकत राहिल्या. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातली ही मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. त्याला सरकारी मान्यता देणारा कायदा झाला १९४९ मध्ये आणि तो लागू झाला १९५१ मध्ये. तोवर इथून बाहेर पडणाऱ्या मुली ‘गृहीतागमा’, म्हणजे जी. ए. होत. माझ्या आईची मावशी जी. ए. होती. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए.पुढे आपली पदवी कमी लेखली जाते हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने ती पुरी केली आणि उभा जन्म मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला.

कर्व्यांच्या याच विद्यापीठाला, आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाला, म्हणजे आपल्या एसएनडीटीला, आता ११० वर्षं होत आहेत. वर्धापनदिनी नामवंत माजी विद्यार्थिनींचे सत्कार होतात, ते व्हायलाच हवेत. पण सातारा जिल्ह्यातल्या एका मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या मला वाटतं की या विद्यापीठाचं मोठेपण मोजायचं तर नजर व्यासपीठाच्या खाली वळवावी लागेल. ते उभंच राहिलं नाव नसलेल्या, शिक्षण तुटलेल्या बायकांच्या बळावर.

पार्वतीबाई आठवले आठवा. ऐन तारुण्यात वैधव्य आलेली, उशिरा शिकायला लागलेली ही बाई कर्व्यांची मेहुणी. पुण्याजवळच्या हिंगण्यातल्या कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी वर्गणी मागत ती गावोगाव हिंडली. इंग्रजी जेमतेम येत असताना १९१८ मध्ये ती एकटी अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली, भाषा शिकली आणि संस्थेसाठी पैसे गोळा केले. तिची थोरली बहीण, कर्व्यांच्या पत्नी बाया, या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्यांनी पुढे नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं. स्वतः कर्वे, म्हणजे अण्णा, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून रोज पायी हिंगण्याला जात. विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले ते १९२० मध्ये, आणि वर्षाला ५२,५०० रुपयांची सोय झाली. ही देणगी मोठीच होती. पण तोवरची चार वर्षं विद्यापीठ तगलं ते बरंचसं दारोदार मागून आणलेल्या वर्गणीवर.

अण्णांचं सगळंच मला पटतं असं नाही. बायकांचं कार्यक्षेत्र वेगळं, म्हणून त्यांचा अभ्यासक्रमही वेगळा, हा त्यांचा विचार मला त्या काळासाठीही अपुरा वाटतो. मुलींना गृहशास्त्र सक्तीचं आणि मुलांना नाही, हे कशासाठी? मात्र इंग्रजी विषय ठेवून बाकीचं सगळं मातृभाषेत शिकवायचं, हा त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. त्यामुळेच ज्यांच्या घरात इंग्रजीचं अक्षर नव्हतं त्या पदवीपर्यंत पोचल्या. पुढे विद्यापीठानेच आपली चौकट ओलांडली. १९७४ मध्ये नीरा देसाईंच्या पुढाकाराने इथे स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं, असं देशातलं पहिलं. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही १९८१ मध्ये इथेच भरली. आज परिचर्या, ग्रंथालयशास्त्र, अभियांत्रिकी सगळं इथे आहे.

आता माझं खरं म्हणणं. माझ्या शाळेतून हुशार म्हणून बाहेर पडलेल्या कितीतरी मुली बारावीनंतर किंवा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न होऊन थांबल्या. आज त्या तिशी-पस्तिशीत आहेत. मुलं शाळेत जातात, दुपारचे दोन तास मोकळे असतात आणि शिकायची इच्छा जागी आहे. त्या मला बाजारात, एसटी स्टँडवर भेटतात आणि विचारतात, "बाई, आता जमेल का हो?" बुद्धीचा प्रश्न क्वचितच असतो. अडतं ते कागदावर. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. मग विवाह नोंदणीचा दाखला काढा, नाहीतर राजपत्रात नाव छापून आणा. मध्ये दहा वर्षं शिक्षण सुटलं म्हणून खंडाचं प्रतिज्ञापत्र द्या. जुन्या कॉलेजातून कॉलेज सोडल्याचा दाखला आणा. माझी एक विद्यार्थिनी असे कागद जमवताना एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिली. तेवढ्यात प्रवेशाची मुदत संपली. पुढच्या वर्षी घरच्यांनी तिला पुन्हा जाऊ दिलं नाही.

राज्य सरकारने २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. फार चांगलं पाऊल आहे ते. पण अर्ध्यावर राहिलेली बी. ए. पुरी करू पाहणारी पस्तिशीची बाई त्या योजनेत बसत नाही. तिच्यासाठी कुणी योजना आखलेली नाही, कारण ती कुठल्याच यादीत नाही. घरून शिकण्याचे मार्ग आहेत, पण त्या मार्गाच्या तोंडापर्यंत तिला पोचवणारं माणूस नाही. कर्व्यांचं विद्यापीठ मुळात अशाच बायकांसाठी निघालं होतं. इतर विद्यापीठांनी हे काम केलं तर उत्तमच, पण एसएनडीटीवर ती पहिली जबाबदारी आहे असं मी मानते.

म्हणून विद्यापीठाला माझी विनंती आहे. या वर्धापनवर्षात आपल्या प्रत्येक संलग्न महाविद्यालयात शिक्षण तुटलेल्या बायकांसाठी एक टेबल मांडा आणि त्यावर कायमचं एक माणूस बसवा. नावातला फरक विवाहाच्या दाखल्यावर किंवा साध्या स्वयंघोषणेवर मान्य करा. परीक्षेचं केंद्र तालुक्याला द्या, कारण जिल्ह्याच्या गावी सलग आठ दिवस जाणं अनेक घरांत मान्य होत नाही. मराठीतून अभ्यासाची पुस्तकं छापून हातात द्या, नुसती मोबाइलवर नकोत. घरात फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो.

आणि वाचकांनो, तुमच्या घरात अशी सून, वहिनी किंवा बहीण असेल तर तिला आज विचारा. तिची गुणपत्रिका कपाटातून बाहेर काढा, विवाह नोंदणी राहिली असेल तर करून घ्या आणि प्रवेशाची मुदत संपायच्या आधी तिच्याबरोबर कॉलेजात जा.