पलीकडच्या काकूंच्या बाजूने

पूर्वपक्ष आधी नीट मांडू या. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच तरुण आईबापांचा तो आहे आणि तो पोकळ नाही. त्यांचं म्हणणं असं: बाळ घरी आलं की आठवड्याभरात मजल्यावरचं प्रत्येक दार सल्ला घेऊन येतं. एक म्हणते गुटी सुरू कर, दुसरी म्हणते गुटी कसली, आधी मध चाटव. तिसरी दुपटं बाजूला करून "बारीकच दिसतोय गं" म्हणून जाते आणि आईच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागत नाही. डॉक्टर एक सांगतात, सासूबाई दुसरं, पलीकडच्या काकू तिसरं. त्यापेक्षा दार लावून घ्यावं, डॉक्टरांचा नंबर हाताशी ठेवावा आणि बाकीच्यांना "हो हो, बघते" म्हणून वाटेला लावावं.

या पक्षाच्या पदरात मी आणखी पुरावा टाकते. बाळाच्या नाळेवर शेण नाहीतर राख लावायची पद्धत आपल्याकडे होती आणि तिने कित्येक नवजात बाळांना धनुर्वात दिला. या धनुर्वाताच्या निर्मूलनावर देशात शिक्कामोर्तब व्हायला 2015 साल उजाडलं. पहिल्या दोन-तीन दिवसांचं आईचं दाट पिवळसर दूध, म्हणजे चीक, "बाळाला जड जातं" म्हणून पिळून टाकायला सांगणाऱ्या बायका शेजारपाजारच्याच होत्या. गाईच्या चिकाचा खरवस मागून खाणाऱ्या घरांत आईचा चीक मोरीत जात होता आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जिभेला मधाचं बोट लावणं तर किती निरागस दिसतं! पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो. त्यात स्नायू लुळे पडतात आणि श्वासही अडतो. बाजारच्या काजळ-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे. गुटी उगाळताना सहाणेवर जायफळाचे चार वेढे जास्त पडले की बाळ गुंगून झोपतं आणि घर म्हणतं, बघा, गुण आला.

एवढं सगळं मान्य करूनही दार लावून घेण्याचा उपाय मला मान्य नाही. मात्र त्याला उत्तर देण्याआधी माझ्याच बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या काही मंडळींना दूर करायला हवं. "आमच्या आजीने आठ मुलं वाढवली, तेव्हा कुठे होते तुमचे डॉक्टर?" असं विचारणारी ही मंडळी. आजीने आठ वाढवली हे ते सांगतात, आजीला झाली किती होती हे सांगत नाहीत. 1971 मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. ही घट लशींनी केली, दवाखान्यातल्या बाळंतपणांनी केली, स्वच्छ पाण्याने केली. जुन्या बटव्याने केली असती तर 1971 मध्येच झाली असती, तेव्हा बटवे जास्त होते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. त्या घराला शेजार नव्हता असं थोडंच आहे? वैद्यकीय मदत नव्हती. त्यातूनच त्या डॉक्टर व्हायला समुद्रापार गेल्या. आणि गंमत पाहा, 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. जुनं सगळं फेकायचं किंवा जुनं सगळं डोक्यावर घ्यायचं, असे दोनच रस्ते आहेत असं त्या बाईंना वाटलं नाही.

आता दार लावणाऱ्यांकडे वळते. त्यांचं पहिलं गृहीतक असं, की तज्ज्ञांचा सल्ला एकच असतो, पक्का असतो, आणि गोंधळ फक्त काकू घालतात. तज्ज्ञांचा इतिहास असं सांगत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी घड्याळ लावून दर चार तासांनी दूध पाजायचा आणि रात्री मुळीच न पाजायचा नियम घालून दिला. इंग्रजी वाचणाऱ्या जगात तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. आपल्या न वाचणाऱ्या आज्या तेव्हा "रडलं की पाज" म्हणत होत्या, आणि आज बालरोगतज्ज्ञ तेच सांगतात. अमेरिकेचे डॉ. स्पॉक तर पालकांचे देवच. त्यांच्या पुस्तकाने 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बाळाला पालथं झोपवायला सांगितलं. पुढे झोपेतल्या अचानक मृत्यूंशी पालथ्या झोपेचा संबंध दिसून आला आणि 1992 मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथं झोपवू नका असं सांगितलं. आता तर उताणंच झोपवायला सांगतात. मी तज्ज्ञांना हिणवत नाहीये. ते चुकले, त्यांनी मोजलं आणि बदलले. काकूंकडे मोजायची सोय नाही, हाच काय तो मोठा फरक.

उलट "आपलं पारंपरिक" म्हणून मिरवतं ते दरवेळी आपलं असतंच असंही नाही. पोट दुखलं की चमचाभर ग्राइप वॉटर, हा सल्ला आजीपासून चालत आला म्हणून आपण तो आजीच्या खात्यात टाकतो. पण ग्राइप वॉटर तयार केलं विल्यम वुडवर्ड नावाच्या इंग्रज औषधविक्रेत्याने, 1851 मध्ये, नॉटिंगहॅमला. मूळ मिश्रणात अल्कोहोलही होतं. बाळ शांत व्हायचं यात नवल ते काय!

दुसरं गृहीतक जास्त घातक आहे: डॉक्टर असताना शेजाराची गरज नाही. सरकारी लसीकरणाचं वेळापत्रक उघडून बघा. जन्माच्या वेळी, मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला, आणि त्यानंतर थेट नवव्या महिन्यात. निरोगी बाळाला दवाखान्यात न्यायचं दुसरं निमित्त नसेल, तर साडेतीन महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत त्याच्याकडे दवाखान्यातलं कुणी बघतच नाही. आणि नेमकं याच काळात उष्टावण येतं. दूध एके दूध असलेल्या बाळाला सहाव्या महिन्यानंतर घास सुरू करायचा असतो. केवढा घास, किती मऊ, थुंकलं तर काय, नाचणीचं सत्त्व पातळ करायचं की चमच्यावर उभं राहील असं, मूगडाळ-तांदळाच्या खिमटीत तूप घालायचं का, हे प्रश्न रोज सकाळी पडतात. ते कुणाला विचारायचे? डॉक्टरांना दिवसातून तीनदा फोन करून बघा. उत्तर देणारी बाई समोरच्याच दारात असते. ती कधी चुकीचंही सांगते, "डाळीचं वरचं पाणी दे" म्हणते आणि त्या पाण्याने बाळाचं पोट भरतं, अंग भरत नाही. पण तिला खिमटी कशी घोटायची हे हाताने दाखवता येतं, आणि कागदावरच्या आहार-तक्त्याला ते येत नाही.

हातांचाच मुद्दा आहे खरं तर. पायांवर पालथं घालून बाळाला न्हाऊ कसं घालायचं, पाणी कोपराने कसं बघायचं, साबणाने निसटतं अंग कुठे धरायचं, हे कुणी वाचून शिकलेलं मला माहीत नाही. आणि "आण इकडे, तासभर मी घेते, तू पड जरा" हे वाक्य कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. पहिल्या महिन्यातल्या आईला झोपेइतकं दुसरं काही कमी पडत नाही. तिचं रडू विनाकारण आणि रोज येतंय, बाळाकडे बघायलाही मन होत नाहीये, हे अनेकदा नवऱ्याच्या आधी शेजारणीच्या लक्षात येतं. दार लावलेल्या फ्लॅटमध्ये ते कुणाच्याच लक्षात येत नाही. (पुरुष वाचकांनी इथे पान उलटू नये. पलीकडचे काका हे आपल्या समाजातलं अजून न वापरलेलं मनुष्यबळ आहे. बाळ खांद्यावर टाकून जिन्यात फेऱ्या मारायला शिक्षण लागत नाही.)

आता मंडन. शेजारीण बाळ वाचवू शकते का, याचा निकाल आपल्याच राज्यात लागलेला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायका निवडल्या. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांना बाळाचं वजन करायला, ताप बघायला, श्वास मोजायला, बाळ उबदार ठेवायला आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. त्या घरोघर जाऊन बाळ-बाळंतीण बघत राहिल्या. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं आणि 2011 पासून घरी जाऊन नवजात बाळ बघण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडेही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी जायचं असतं. गडचिरोलीतली ती बाई बाहेरून आलेली नव्हती. काल जी राख लाव म्हणत असेल, तीच किंवा तिची जाऊ. तिच्या हातात काटा, थर्मामीटर आणि इंजेक्शन आलं, आणि "हे मला जमणार नाही, दवाखान्यात चला" हे म्हणायचं तिला कळलं, एवढ्यावर तीन वर्षांत हा फरक पडला.

शहरातल्या फ्लॅटमध्ये आशाताई सहसा येत नाही, काकू येतात. म्हणून काकूंचा सल्ला पारखायचं माप आपल्यापाशी हवं. माझं असं आहे: बाळाच्या तोंडात, डोळ्यांत, कानात, नाकात आणि नाळेवर काय जायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यात गुटी आली, मध आला, सहा महिन्यांच्या आतलं पाणी आलं, काजळ आलं. धुरीसुद्धा नाकातूनच जाते, ती विसरू नये. उरलेलं म्हणजे घेणं, जोजवणं, न्हाऊ घालणं, हलक्या हाताचं तेल, टाळूवर तेलाचं बोट, दृष्ट काढणं, यात काकूंना मोकळं रान. मिरच्या-मोहरीने बाळाची दृष्ट उतरत असेल-नसेल, काकूंचं समाधान होतं आणि बाळाचं काही बिघडत नाही; मिरच्या मात्र बाळापासून लांब जाळा. या मोकळ्या रानालाही दोन-तीन कुंपणं हवीत. नवजात बाळाची छाती सुजलेली दिसली म्हणून ती पिळू देऊ नये. डोकं गोल व्हावं म्हणून राईच्या उशीची गरज नाही. झोपवायचं उताणं, उशीशिवाय. आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, गार पडलं, दूध ओढेनासं झालं किंवा त्याचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त झाला, तर मजल्यावरच्या कुणालाही न विचारता रिक्षा बोलवायची.

"दूध पुरत नाहीये तुझं" हा सल्ला मी या सगळ्यांहून वाईट मानते, कारण त्यात बाळाच्या पोटात काही जात नाही, आईचा धीर जातो, आणि मागोमाग पावडरचा डबा येतो. चोवीस तासांत सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. रडण्याला शंभर कारणं असतात. "आमचा नवव्या महिन्यात चालायला लागला" याचंही तेच. निरोगी मुलं आठव्या महिन्यापासून ते जवळजवळ अठराव्यापर्यंत कधीही आपली आपण चालू लागतात, आणि पुढे शाळेत कोण आधी चाललं होतं हे कुणीच विचारत नाही.

तेव्हा आईबापांनो, दार उघडं ठेवा, माप हातात ठेवा. आणि काकू, तुमची बाजू मी इथवर लढवली, आता एवढं माझं ऐका. मजल्यावर नवं बाळ येईल तेव्हा सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. बरं असेल तर जा, हात साबणाने धुवा, बाळाचे पापे घेऊ नका. आळिवाची खीर नाहीतर गरम भाजी-पोळीचा डबा न्या. बाळंतिणीला विचारा, रात्री झोप झाली का. नाही म्हणाली तर बाळ मांडीवर घ्या आणि तिला आत पाठवा. वजनाबद्दल काही बोलू नका.