सांता बघतोय हं!

डिसेंबर लागला की शहरातल्या पुष्कळ घरांत बागुलबुवाची जागा लाल टोपीवाला घेतो. ‘पोळी संपव, नाहीतर सांता येणार नाही.’ ‘ताईला चिमटा काढलास ना, सांता बघतोय हं!’ एरवी हे काम पोलीसकाका, इंजेक्शनवाले डॉक्टर आणि पोत्यात घालून नेणारा बुवा यांच्याकडे असतं. नाताळ न पाळणाऱ्या घरांतही ही वाक्यं आता सर्रास ऐकू येतात, कारण बालवाडीत, मॉलमध्ये आणि सोसायटीच्या आवारात सांता येतोच येतो. यात आईबाबांच्या मनात काही वाईट नसतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला मुलाने एका हाकेत ऐकावं असं वाटणारच. शिवाय ही युक्ती घटकाभर चालतेही. पण तिच्यातून मूल नेमकं काय शिकतं, हे एकदा नीट बघायला हवं.

सांताचं मूळ ज्यांच्यापाशी जातं ते संत निकोलस चौथ्या शतकात मायरा गावचे बिशप होते. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. त्यांच्याविषयीची सगळ्यांत प्रसिद्ध आख्यायिका तीन गरीब मुलींची आहे. हुंड्याला पैसा नाही म्हणून बापाच्या जिवाला घोर लागला होता. निकोलसांनी रात्रीच्या अंधारात, कुणाला कळू न देता, सोन्याच्या नाण्यांच्या पुरचुंड्या त्या घरात टाकल्या. त्या मुली गुणी आहेत की खोडकर, आईबापाचं ऐकतात की नाही, याची चौकशी त्या गोष्टीत कुणी करत नाही. घराला गरज होती आणि मदत पोहोचली, एवढीच ती गोष्ट.

चांगल्या-वाईटाचा हिशोब पुढे युरोपात जोडला गेला. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात 5 डिसेंबरच्या रात्री शिंगं आणि लोंबती जीभ असलेला क्रॅम्पस साखळ्या वाजवत फिरू लागला. डच मुलांना सांगितलं जाई की द्वाड पोरांना पोत्यात भरून स्पेनला नेतात. इटलीत बेफाना नावाची म्हातारी 5 जानेवारीच्या रात्री वांड मुलांच्या मोज्यात कोळसा टाकते. आता तिथल्या दुकानांत कोळशासारखी दिसणारी काळी साखरच मिळते. न्यूयॉर्कमध्ये 1821 साली छापलेल्या एका छोट्या बालपुस्तकात सांता रेनडियरच्या घसरगाडीतून येतो खरा, पण न ऐकणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी तो एक छडीही ठेवून जातो. पुढे 1934 मध्ये अमेरिकन रेडिओवर एक गाणं गाजलं. मुलं झोपलीत की जागी, चांगली वागताहेत की वाईट, हे सगळं सांताला कळतं, असं सांगणारं. आपल्याकडच्या शाळांच्या नाताळ कार्यक्रमातही ते हमखास वाजतं.

आइसलँडची गोष्ट मात्र जरा थांबून सांगण्यासारखी आहे. तिथे एक नाही, तेरा जण येतात. 12 डिसेंबरपासून रोज रात्री एक. मुलं झोपताना खिडकीच्या कट्ट्यावर आपला एक बूट ठेवतात आणि सकाळी उठून त्यात हात घालतात. कधी मोसंबं, कधी चिमुकलं खेळणं, आणि आदल्या दिवशी त्रास दिला असेल तर बटाटा. या तेरा जणांची आई ग्रीला ही राक्षसीण. ती द्वाड मुलांना पकडून कढईत शिजवते, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. डिसेंबरात तिथे दिवसाचे जेमतेम चार-पाच तास उजेड असतो. त्या काळोखात ही गोष्ट ऐकणाऱ्या चार वर्षांच्या पोराची काय अवस्था होत असेल! शेवटी 1746 मध्ये या मंडळींच्या नावाने मुलांना घाबरवू नये, असा फतवाच निघाला. तेव्हा आइसलँड डेन्मार्कच्या राजवटीत होतं. पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका राजवटीला मुलांच्या भीतीची दखल घ्यावीशी वाटली, ही फार मोलाची गोष्ट आहे.

आता ‘कुणीतरी बघतंय’ असं सांगितल्याने मुलं खरंच नीट वागतात का? वागतात. जॅरेड पियाझा, जेसी बेरिंग आणि गॉर्डन इंग्रॅम या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना एक चेंडू फेकायचा खेळ दिला. नियम इतके अवघड की लबाडी केल्याशिवाय जिंकणं जवळपास अशक्य. काही मुलांना खोलीत एकटं सोडलं, काहींच्या जवळ मोठं माणूस बसवलं, आणि काहींना एक रिकामी खुर्ची दाखवून सांगितलं की इथे राजकन्या अ‍ॅलिस बसली आहे, फक्त ती दिसत नाही. ज्या मुलांनी अ‍ॅलिसवर विश्वास ठेवला त्यांनी लबाडी कमी केली, जवळपास मोठं माणूस समोर बसल्यावर करतील इतकीच कमी.

युक्ती चालते ती अशी. पण अ‍ॅलिस उठून गेली की काय? सांताच्या बाबतीत हा प्रश्न 26 डिसेंबरला सकाळी दारात उभा राहतो. बक्षीस हातात पडलेलं असतं, पहारेकरी उत्तर ध्रुवावर परतलेला असतो, आणि ताईला चिमटा काढायची इच्छा होती तिथेच असते. मुलाने शिकायची गोष्ट होती ती ताईला दुखतं ही. तो शिकला काय, तर डिसेंबरात सांभाळून राहायचं.

बक्षिसाची बाजू तर याहून नाजूक आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 मधला प्रयोग शिक्षणशास्त्राच्या वर्गात आजही शिकवला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. मुलांनी काढली, पत्रक मिळालं. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंगीत पेनं मांडून ठेवली, या वेळी बक्षिसाशिवाय. ज्यांना कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. जे आवडीने होत होतं ते मोबदल्याचं काम झालं, आणि मोबदला थांबल्यावर ओढही ओसरली. लाइपझिगच्या फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या बाळांबाबत हेच दाखवलं. दुसऱ्याची पडलेली वस्तू उचलून देणारी ही बाळं, खेळण्याचं बक्षीस मिळायला लागल्यावर आणि मग ते थांबल्यावर, मदतीला कमी धावू लागली. म्हणजे मदत करायची ऊर्मी मुलांत मुळात असते. तिच्यावर किंमत चिकटवून ती कमी करायचं काम मोठी माणसं करतात.

मारिया माँटेसरींनी हे प्रयोगशाळेशिवाय पाहिलं होतं. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केलं. एकदा त्या वर्गात आल्या तर एका हुशार मुलाच्या गळ्यात पांढऱ्या फितीला लटकवलेला चांदीचा क्रूस होता, शाबासकी म्हणून. दुसऱ्या एका मुलाला शिक्षा म्हणून खोलीच्या मधोमध खुर्चीत बसवलं होतं. पहिला आपल्या कामात गढलेला, सामान इकडून तिकडे नेत होता. खुर्चीजवळून जाताना त्याच्या गळ्यातला क्रूस खाली पडला. शिक्षेतल्या मुलाने तो उचलला, नीट निरखला आणि त्याला दाखवला. पहिल्याने बेफिकिरीने एकदा पाहिलं. त्याला कामात व्यत्यय नको होता. मग मी घालू का, असं दुसऱ्याने विचारलं. घाल की, म्हणून पहिला निघूनही गेला. शिक्षेतलं मूल तो क्रूस छातीला लावून खुर्चीत आरामात बसून राहिलं. ज्याला काम मिळालं होतं त्याला शाबासकीचं काही नव्हतं, आणि ज्याला काम नव्हतं त्याची शिक्षा त्या दागिन्याने गोड झाली.

ही दृष्टी महाराष्ट्रात आणणाऱ्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून त्यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षण केंद्र सुरू केलं. ते 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सोबत अनुताई वाघ होत्या. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांना खाऊचं आमिष दाखवून किंवा धाक घालून ओढण्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. बालवाडीच पाड्यांवरच्या अंगणांत नेली. मातीचे खडे, शिंपले, बिया आणि पानं ही खेळणी झाली, मुलं त्यांत गुंतली आणि येत राहिली.

सांताच्या चांगल्या-वाईट मुलांच्या यादीवर सगळ्यांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो एका वैद्यकीय नियतकालिकाने आकड्यांत मांडला. ब्रिटिश मेडिकल जर्नल दर नाताळला हलक्याफुलक्या विषयांवरचं पण पद्धतशीर संशोधन छापतं. 2016 च्या अंकात 186 बालरुग्ण विभागांची पाहणी होती. 2015 च्या नाताळात सांता कुठे आला आणि कुठे नाही? बहुतेक ठिकाणी, म्हणजे सुमारे नव्वद टक्के विभागांत, तो आला होता. त्या भागातली मुलं शाळा किती बुडवतात, किशोरवयीनांना गुन्ह्यांत शिक्षा किती होतात, याचा त्याच्या येण्याशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो गरिबीशी. वस्ती जितकी वंचित, तितकी सांता येण्याची शक्यता कमी.

मांडणी विनोदी होती, पण त्यातलं सत्य घरोघरचं आहे. ‘चांगल्या मुलांना सांता मोठं खेळणं देतो’ हे सहा वर्षांच्या मुलीने मनापासून खरं मानलं, तर शेजारच्या मुलाला रिमोटची गाडी आणि आपल्याला पेन्सिलींचा डबा, याचा अर्थ ती काय लावेल? बाबांचा पगार कमी आहे, हे तिला ठाऊक नसतं. आपणच कुठेतरी वाईट वागलो, असं ती मनाशी धरते आणि कुणाला सांगतही नाही. धाकापेक्षा हे फार वाईट आहे.

मग सणाचा आणि चांगल्या वागण्याचा संबंधच नाही का? भरपूर आहे, आणि तो शोधायला लांब जायला नको. पुष्कळ कॅथलिक घरांत आगमनकाळाच्या चार आठवड्यांत एक रिकामी गव्हाणी मांडतात. मुलाने कुणासाठी काही केलं, आजीला पाणी दिलं, धाकट्याला आपला खाऊ दिला, की गवताची एक काडी त्यात टाकायची. नाताळच्या रात्री बाळ येशूला मऊ बिछाना मिळावा म्हणून. फरक बघा. काडी टाकल्याने मुलाला काहीच मिळत नाही. त्याच्या हातून दुसऱ्यासाठी काहीतरी तयार होतं. वसईच्या गावांत तरुण मुलं आठवडे खपून नाताळचे गोठे उभारतात. माती, बांबू, पेंढा, रोषणाई सगळं हाताने. लहान मुलं त्यांच्या भोवती घुटमळतात, शेवाळ आणून देतात, खिळा धरतात.

गोव्यात आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन, गोवेकर घरांत कलकल करायला बसतात तेव्हा हेच दिसतं. मैदा, अंडं आणि नारळाच्या दुधाची कणीक आई मळून देते. मग सगळं घर टेबलाभोवती. कणकेची सुपारीएवढी गोळी नव्याकोऱ्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबायची आणि गुंडाळत आणायची. वर रेघा उमटतात आणि शिंपला तयार होतो. पहिले दहा बिघडतात. पाच वर्षांच्या मुलाचे जाडजूड, वाकडे कलकलही त्याच तेलात तळले जातात आणि त्याच डब्यात जातात. नंतर नेवऱ्या, दोदोल, बिबिंक यांच्याबरोबर ते ताटात मांडून, विणलेल्या रुमालाने झाकून शेजारी पोहोचवायचे. हे काम मुलांचं. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे गोडधोड रांधत नाहीत. तिथे शेजारची ताटं जातात. त्या दारात गेलेल्या मुलाला आवाज खाली ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्याकडे दिवाळीत फराळाचं ताट घेऊन जाणाऱ्या पोरांनाही हे माहीत असतं.

रोजच्या वागण्याबद्दल दोन गोष्टी. नाताळच्या सुट्टीत मुलं चिडचिडी होतात आणि दोष केकच्या साखरेवर जातो. 1995 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. साखरेने मुलांचं वागणं बिघडतं असं त्यात आढळलं नाही. उशिरापर्यंतचं जागरण, पाहुण्यांचा गोंगाट आणि दुपारची हुकलेली झोप यांच्याकडे आधी पाहावं. आणि कौतुक करायचंच तर ‘शहाणं बाळ’ एवढ्यावर थांबू नये. ‘तू स्वतःहून चपला रांगेत लावल्यास, आजीला वाकावं लागलं नाही’ असं सांगितलं की काय बरं झालं आणि कुणासाठी, हे मुलाला कळतं.

सांताची गंमत काढून घ्या असा याचा अर्थ मुळीच नाही. कार्ल अँडरसन आणि नॉर्मन प्रेंटिस यांनी 1994 मध्ये सांताचं गुपित कळलेल्या 52 मुलांशी बोलून पाहिलं. बहुतेकांना ते साधारण सातव्या वर्षी, स्वतःच उमगलं होतं, आणि त्यांनी ते बऱ्यापैकी आनंदाने घेतलं. वाईट वाटलं ते आईबाबांना. तेव्हा मोजा लटकवावा, पत्र लिहावं, रात्री गुपचूप भेट ठेवावी. धमकी तेवढी वगळावी.

सोसायट्यांच्या समित्यांना मात्र एक कळकळीची विनंती. पालकांनी आधी आणून दिलेल्या, आकाराने आणि किमतीने वेगवेगळ्या भेटी सांताच्या हातून सगळ्यांसमोर वाटायची पद्धत यंदा बंद करा. वर्गणी काढा आणि प्रत्येक मुलाला सारखीच वस्तू द्या. सांता होणाऱ्या काकांनी ‘वर्षभर शहाण्यासारखा वागलास का?’ हा प्रश्न विचारू नये, नाव विचारून हात मिळवावा. आणि वॉचमनची, इस्त्रीवाल्यांची, घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलं यादीत आहेत ना, हे 24 तारखेच्या आत बघून घ्या.