दोनदा फोडलेलं गळू पुन्हा भरलं तर



लागण, खोडवा, बेणं, खत यांवर मी या पानात नेहमी लिहितो. आजचा विषय लाजेचा वाटेल, पण लिहिणं भाग आहे.

मागच्या हंगामाआधी ऊस नोंदीसाठी अहमदपूर-लोहा भागात फिरत होतो. एक जुने सभासद उभ्यानेच बोलत होते. बसा म्हटलं तर बसेनात. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, अंडाच्या मागच्या बाजूला गळू झालंय. दोनदा फोडलं, पू निघाला, गोळ्यांनी बरं वाटलं, पुन्हा तिथंच आलं. लघवीची धारही बारीक झालेली. "ऊस जाऊ द्या साहेब, मग बघू." मीही "बरं" म्हणालो आणि तोडीची तारीख वहीत लिहून घेतली.

ऊस गेला, बिल मिळालं, मग ते मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं गळू उघडताना डॉक्टरांनी आतला तुकडा काढून तपासणीला पाठवला. मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला. जांघेत गाठी आल्या होत्या.

मी कृषी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण मला हुमणी आठवली. ऊस पिवळा पडला की आपण पाणी देतो, युरिया टाकतो. बेट ओढून पाहावं तर अलगद हातात येतं, कारण मुळ्याच खाल्लेल्या असतात.

इथंही तसंच होतं. मूत्रमार्गात गाठ वाढली की वाट अरुंद होते. लघवी तुंबते, आजूबाजूच्या मांसात झिरपते, जंतू शिरतात आणि पू होतो. म्हणजे गळू खरंच असतं, पण दुखण्याचं मूळ वेगळं असतं. औषधानं ठणका थांबतो आणि त्या आरामानंच माणूस फसतो. हा रोग फार विरळा, सगळ्या कर्करोगांत शंभरात एकाहूनही कमी. त्यामुळे डॉक्टरांच्याही मनात तो पटकन येत नाही. बहुतेक गळवं साधीच असतात, काही मधुमेहामुळे पुन्हा पुन्हा होतात. तेव्हा घाबरून जायचं कारण नाही.

पण माझं मत असं की, या जागी गळू दुसऱ्यांदा आलं, जखम भरेना, तिथून लघवी पाझरू लागली, धार बारीक झाली, रक्त गेलं किंवा जांघेत गाठ लागली, तर नुसतं फोडून घेऊन घरी येऊ नये. "डॉक्टरसाहेब, तुकडा तपासायला पाठवायचा का?" असं सरळ विचारावं. पू तपासला तर जंतू कळतात, कर्करोग तुकड्यातूनच पक्का कळतो. सुरी लागली की रोग पसरतो, हा समज खरा नाही. बायकांनीही लघवीच्या जागी गाठ किंवा रक्त दिसलं तर अंगावर काढू नये.

नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. कर्करोगाच्या उपचाराला बार्शी आणि छत्रपती संभाजीनगर आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यावं.

बार्शीला १९८७ पासून खेड्यांतल्या कर्करुग्णांची नोंदणी चालते, ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन लोकांशी बोलली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. बोलल्यानं फरक पडतो, तो असा.

म्हणून एक विनंती. दवाखान्याचं कारण असेल तर गट ऑफिसात सांगा. तोडीची तारीख मागंपुढं करता येते, आम्ही सांभाळून घेऊ. ऊस आठ दिवस थांबला तर थोडं वजन जाईल, दुखणं थांबत नाही. त्या दिवशी मी वही मिटून त्यांना आधी दवाखान्यात जा म्हणायला हवं होतं. यापुढे म्हणेन.

आपला,
ऊस विकास अधिकारी